ब्लू लेडी, १:४०० : निळा रंग, गंज आणि अलंगचा चिखल

‘ब्लू लेडी’ या जहाजाच्या मॉडेलचं, म्हणजे त्याच्या कवचाचं, घासकाम एकदाचं संपलं. प्रायमर बसला आणि सनबोर्डच्या चौकटी, स्टायरीन प्लास्टिकच्या पट्ट्या, पुट्टीचे डाग सगळं एका करड्या रंगाखाली गेलं. लांबी ७९ सेंटिमीटर, रुंदी साडेआठच्या किंचित आत. मूळचं जहाज ३१६ मीटरचं, २००४ मध्ये ‘क्वीन मेरी २’ येईपर्यंत याच्याइतकं लांब प्रवासी जहाज दुसरं नव्हतं. टीव्हीखालचं कपाट त्यापायी रिकामं करावं लागलंय, त्यावर घरात चर्चा सुरू आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : ‘ब्लू लेडी’ म्हणजे आधीची ‘नॉर्वे’ आणि त्याही आधीची फ्रेंच प्रवासी जहाज ‘फ्रान्स’. पण मी १९६२ ची ‘फ्रान्स’ बनवत नाहीये. काळं कवच, पांढरे मजले, लाल-काळी धुराडी, दिसायला ती देखणीच, पण ती सगळेच बनवतात. माझं निळं जहाज २००७ च्या पावसाळ्यातलं आहे. गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणीच्या किनाऱ्यावर टेकलेलं, अजून एकही पत्रा न कापलेलं, सुप्रीम कोर्ट काय म्हणतंय याची वाट बघत पडलेलं.

हट्टाचं कारण सांगतो. निवृत्त लायनर (समुद्रापार नियमित फेऱ्या करणारं मोठं प्रवासी जहाज) म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकतर म्युझियम येतं नाहीतर गॅसकटर. पण या जहाजांचं म्हातारपण बहुतेक वेळा नुसतं पडून राहण्यात जातं. ‘फ्रान्स’ फ्रेंच झेंड्याखाली जेमतेम १२ वर्षं चालली. तेल महागलं, अटलांटिकचे प्रवासी विमानांनी पळवले, सरकारने अनुदान थांबवलं. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये कर्मचाऱ्यांनीच जहाज ल आव्र बंदराच्या तोंडाशी अडवून धरलं. शेवटी ते एका आडबाजूच्या धक्क्याला बांधलं गेलं. लोक त्याला ‘विस्मृतीचा धक्का’ म्हणू लागले, आणि १९७९ पर्यंत ते तिथेच होतं. मग नॉर्वेच्या क्नुट क्लोस्टरने घेऊन ब्रेमरहाफेनला त्याचं क्रूझ जहाज केलं. पुढची इंजिनखोली बंद केली, पाण्याखालच्या चारपैकी दोन पंखे (प्रोपेलर) काढले, कारण कॅरिबियनमध्ये ३० नॉटने धावायची कुणाला घाई नव्हती. ‘नॉर्वे’ या नावाने ते २३ वर्षं चाललं, म्हणजे ‘फ्रान्स’च्या जवळजवळ दुप्पट. २५ मे २००३ ला मायामीत बॉयलर फुटला, आठ कर्मचारी गेले. त्यानंतर पुन्हा पडून राहणं : ब्रेमरहाफेन, मग मलेशिया, मग ऑगस्ट २००६ मध्ये अलंग. आत अ‍ॅस्बेस्टॉस असल्याने प्रकरण कोर्टात होतं, तोडायची परवानगी सप्टेंबर २००७ मध्ये मिळाली. मधलं ते वर्ष मला हवंय.

१९९० मध्ये माथ्यावर चढवलेले दोन मजले मी ठेवलेत, हे ओघाने आलंच. शुद्धतावाद्यांना ते डोळ्यांत खुपतात. खरं सांगायचं तर मलाही खुपतात, बाजूने बघताना रेषा जड होते. पण जहाज किनाऱ्याला लागलं ते त्यांच्यासकट.

धुराड्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. दोन्ही धुराड्यांना दोन बाजूंना आडवे पंख आहेत. धूर त्यांच्या टोकांतून बाहेर पडावा आणि डेकवरच्या प्रवाशांवर काजळी पडू नये, अशी ती रचना. पंख पातळ हवा पण आतून पोकळही दिसला पाहिजे. अर्धा मिलिमीटरच्या स्टायरीनचे दोन थर, मध्ये बारीक पट्ट्या, आणि टोकाच्या फटी चिकटवण्याआधीच कोरून घेतलेल्या. चिकटवल्यावर तिथे ब्लेड जात नाही.

आता गंज. इथे हात आवरणं हेच मुख्य काम. १:४०० ला एक मिलिमीटर म्हणजे ४० सेंटिमीटर, त्यामुळे यूट्यूबवर रणगाड्यांना देतात तसे ओघळ दिले तर जहाज शंभर वर्षं बुडालेलं वाटेल. हे फक्त एक अख्खा पावसाळा आणि त्याआधीची तीन-चार वर्षांची हेळसांड सोसलेलं आहे. नांगराच्या भोकाखाली, डेकवरचं पाणी जिथून निचरतं तिथे आणि पत्र्यांच्या जोडांवर, एवढंच. बर्न्ट सिएना आणि रॉ अंबर तैलरंगाचा ठिपका द्यायचा, टर्पेंटाइनमध्ये बुडवून निथळलेल्या चपट्या ब्रशने खाली ओढायचा आणि थांबायचं. निळ्यात थोडा करडा मिसळून तो उडालेला केलाय, नवाकोरा निळा या छोट्या मापात फार भडक दिसतो.

तळपाटाचा निर्णय अजून अर्धा आहे. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, माझ्या मापात अडीच सेंटिमीटर. त्याच जोरावर अलंग उभं आहे : उधाणाच्या भरतीला जहाज जमेल तितकं वर घुसवायचं, ओहोटीला माणसं चालत त्याच्यापर्यंत जातात. पण खोल बुडीचा लायनर फार आत येत नाही. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची ‘कॅनबेरा’ १९९७ मध्ये पाकिस्तानातल्या गडानीला अशीच लांबवर टेकली आणि तिला तोडायला ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. म्हणून मी ओहोटी घेतोय : नाळेखाली (जहाजाच्या पुढच्या टोकाखाली) चिखल, तळाचा लाल रंग उघडा, पिछाडी मात्र पाण्यात. दोन उरलेले पंखे आणि सुकाणू त्यामुळे झाकले जातात, हा आळशीपणाचा फायदा. चिखलासाठी पीओपीत फेव्हिकॉल आणि करडा-तपकिरी रंग, वरून ग्लॉस वार्निश.

मध्यंतरी कुणीतरी ‘युनायटेड स्टेट्स’ पुढची घे म्हणून सुचवलं. १९५२ मध्ये अटलांटिकचा वेगाचा विक्रम करणारं, १९६९ पासून बांधून ठेवलेलं जहाज. फ्लोरिडातल्या ओकालूसा काउंटीने कृत्रिम प्रवाळखडक करण्यासाठी ते २०२४ मध्ये घेतलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते फिलाडेल्फियाहून ओढत नेलं. फिलाडेल्फियाच्या धक्क्यावरची, रंग सोललेली धुराडी डोक्यात घोळतायत खरी. पण आधी हे.

राहिलेलं काम : लाइफबोटी, कठडे (फोटो-एच, म्हणजे पातळ धातूच्या पत्र्यातून कोरलेले, मागवलेत), डोलकाठीच्या तारा. एक अडचण आहे. नाळेचे फोटो भरपूर मिळतात, समुद्राकडून काढलेले पिछाडीचे जवळपास नाहीत. २००६-०७ मध्ये कुणी भावनगरकडे गेलं असेल आणि जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात काही पडून असेल, तर कळवा. मागच्या डेकचे कठडे जागेवर होते का, तेवढं दिसलं तरी पुरे.