निनावी कमेंट आणि माझा वॉटसन

मी शेरलॉक होम्सच्या जगातल्या फॅनफिक लिहिते, म्हणजे मूळ पात्रं घेऊन चाहत्यांनी हौसेने रचलेल्या नव्या गोष्टी. त्यातही माझा जीव होम्सपेक्षा त्याच्या मित्रावर, डॉक्टर वॉटसनवर जास्त. आर्थर कॉनन डॉयल यांची पहिली होम्स कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' १८८७ साली आली. तिच्या पहिल्याच परिच्छेदात वॉटसन सांगतो, की दुसरं अफगाण युद्ध सुरू झालं आणि तो मुंबईत उतरला, तेव्हा त्याची पलटण खिंडी ओलांडून पुढे गेली होती. मुंबईच्या वाट्याला एवढं एकच वाक्य. पुढच्या वाक्यात डॉक्टर कंदाहारला पोचलेले! मी दादरची. त्या दोन वाक्यांच्या मधली मुंबई मला लिहायचीच होती.

त्यासाठी भरपूर वाचलं. वॉटसन येतो तेव्हा राजाबाई टॉवर नुकता पुरा झालेला, नोव्हेंबर १८७८ मध्ये. व्हीटीचं बांधकाम सुरू झालेलं, पण इमारत उभी राहायला अजून बरीच वर्षं. घोड्यांची ट्राम १८७४ पासून कुलाब्याहून पायधुणीला जाते आहे. त्या ट्राममध्ये वॉटसनला भेटतो माझा गणू. मूळचा रत्नागिरीकडचा, पुढे फौजेबरोबर डोलीवाला म्हणून जाणारा. जखमींना डोलीत घालून खांद्यावरून नेणाऱ्या या माणसांची नावं युद्धाच्या इतिहासात सहसा सापडत नाहीत. गणूला मी त्यासाठीच आणलं.

गोष्ट इंग्रजीत लिहून 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅनफिकच्या साइटवर टाकायला लागले. पहिली काही प्रकरणं छान गेली. मग एके रात्री 'गेस्ट' नावाने कमेंट आली. मराठीत सांगायचं तर अशी: 'तुमच्या लोकांनी होम्सला हात लावू नये. हा गणू म्हणजे तूच, टिपिकल मेरी सू. आणि गोळी वॉटसनच्या पायाला लागली होती, एवढंही माहीत नसेल तर लिहिणं बंद कर.' पुढच्या प्रकरणांवरही त्याच सुरातल्या कमेंटी येत गेल्या. माणूस एकच की अनेक, कळायला मार्ग नव्हता. एकीत मला चोरटी म्हटलं होतं.

याने काय होतं, ते ज्याने फुकट, केवळ हौसेने आणि प्रेमाने लिहिलंय त्याला नेमकं ठाऊक असतं. हातपाय गार पडतात. कौतुकाच्या सगळ्या कमेंटी विसरायला होतात आणि तेवढी एकच पाठ होऊन बसते. ऑफिसला जाताना लोकलमध्ये मी मनातल्या मनात उत्तरं रचायचे. पुढचं प्रकरण उघडलं की गणूच्या तोंडी वाक्य घालताना हात थांबायचा. मला सगळ्यात जास्त राग आला तो याचा. तो माणूस माझ्या गोष्टीत शिरून बसला होता.

माझी गोष्ट छापण्याआधी तपासून देणारी, आमच्या भाषेत बीटा, नागपूरची एक ताई आहे. तिला सगळं पाठवलं. ती म्हणाली, "अगं, उत्तर देऊ नकोस. त्याला तेच तर हवं आहे. आणि डिलीटही इतक्यात करू नकोस. आधी त्यात काय काय म्हटलंय ते सुटं कर."

मग मी वही घेऊन बसले आणि एकेक मुद्दा सुटा केला. गोळीचा मुद्दा गोष्टीबद्दलचा होता, म्हणून तो आधी घेतला. 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये मैवंदच्या लढाईत, म्हणजे २७ जुलै १८८० ला, वॉटसनच्या खांद्याला गोळी लागते. १८९० च्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये तोच वॉटसन दुखरा पाय चोळत बसतो. डॉयलनीच दोन ठिकाणी दोन जखमा लिहिल्या आहेत, आणि होम्सप्रेमी त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आले आहेत. मी खांदा निवडला होता, तो जाणून. पुढच्या प्रकरणाखालच्या टिपेत हे सविस्तर लिहिलं. त्या कमेंटचा उल्लेखसुद्धा केला नाही. टिपेवर अशी सुंदर चर्चा रंगली की एका वाचकाने वॉटसनला गोळी लागली त्या अफगाणी जेझेल बंदुकीबद्दल मला लांबलचक माहिती लिहून पाठवली.

चोरीचा आरोप त्याहून सोपा होता. डॉयल १९३० साली गेले. त्यांच्या कथांवरचा हक्क भारतात केव्हाच संपला आहे.

'मेरी सू' मात्र मला लागलं होतं. ही शिवी आली कुठून ते शोधलं. १९७३ साली पॉला स्मिथ या बाईंनी 'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांच्या मासिकात एक छोटं विडंबन लिहिलं. त्यातली साडेपंधरा वर्षांची मेरी सू सगळ्याच गोष्टींत निपुण, सगळे तिच्या प्रेमात, आणि शेवटी ती मरते तेव्हा सगळे धाय मोकलून रडतात. तेव्हापासून फार लाडकं आणि निर्दोष असं नवं पात्र आणलं की लोक हा शिक्का मारतात. गणू तसा आहे का, हे मी ताईबरोबर प्रकरणागणिक पाहिलं. नाही. तो घाबरतो, पगारासाठी भांडतो, वॉटसनशी एकदा खोटंही बोलतो. मैवंदला वॉटसनला घोड्यावर टाकून वाचवतो तो मूळ कथेतला त्याचा अर्दली मरे, आणि माझ्या गोष्टीतही मरेच. मग शिक्का कशाचा? गणू मराठी आहे, एवढ्याचाच. ज्या शहराचं नाव डॉयलनी स्वतः लिहिलं, तिथल्या माणसाने गोष्टीत यायचं नाही, असं कुणी मला सांगावं हे मी मान्य करणार नाही.

आता राहिलं 'तुमच्या लोकांनी'. वडील सरकारी कचेरीत होते. त्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "बिननावाचा अर्ज आम्ही दप्तरी दाखल करायचो. त्यावर कारवाई नाही आणि चर्चाही नाही." मला हे फार पटलं. लॅपटॉपवर 'दप्तरी दाखल' नावाचा फोल्डर केला. अशी कमेंट आली की तारखेसह स्क्रीनशॉट त्यात आणि साइटवरून कमेंट डिलीट. स्क्रीनशॉट ठेवायचा, कारण प्रकरण धमकीवर किंवा पाठलागावर गेलं तर तक्रार करायला पुरावा लागतो. नुसती उद्धट कमेंट ठेवायची की काढायची हे लेखकाच्या हातात असतं. काढणं म्हणजे पळपुटेपणा, असं मला कुणी कुणी सुनावलं. मला ते अजिबात पटत नाही. ज्याने नाव सांगायचंही टाळलं त्याच्या शिव्या मी माझ्या गोष्टीखाली कायमच्या का टांगून ठेवाव्यात?

सेटिंगचं मात्र पुन्हा पुन्हा बदलून पाहावं लागलं. पाहुण्याला ब्लॉक करता येत नाही, कारण ब्लॉक करायला खातं लागतं. म्हणून आधी गेस्ट कमेंटी बंदच केल्या. शांतता झाली खरी, पण एक आजोबा दर प्रकरणाला खातं न काढता, खाली आपली आद्याक्षरं घालून दोन ओळी लिहायचे. ट्रामचे घोडे, गिरगावातल्या चाळी यांबद्दल विचारायचे. तेही बंद झाले. एका निनावी माणसापायी दुसऱ्याला दार लावायचं, हे मनाला लागून राहिलं. मग गेस्ट कमेंटी पुन्हा सुरू केल्या आणि मॉडरेशन लावलं. आता मी मंजूर केल्याशिवाय कमेंट कुणाला दिसत नाही. त्या मी फक्त रविवारी सकाळी वाचते, लिहायला बसायच्या आधी कधीच नाही. संशय आला तर ताईला पाठवते, ती आधी वाचते.

कडक टीका मी मंजूर करते. 'मधली तीन पानं रेंगाळली आहेत' असं एकाने लिहिलं, नाव न घालता. ती कमेंट आहे तिथेच आहे, खाली माझं उत्तरही आहे.

आजोबा परत आले. गणू आता बोलन खिंडीत पोचला आहे, आणि पुढचं प्रकरण ताईकडे तपासायला गेलंय.