पोस्टग्रेसमधली रेस कंडिशन: पॅचच्या आधीचं काम

‘कधीकधीच येतो’ असं वर्णन असलेला पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमधला बग बहुतेक वेळा दोन सेशनच्या (सर्व्हरला जोडलेल्या दोन कनेक्शनच्या) क्रमाचा असतो: कुणाचं पाऊल आधी पडलं यावर निकाल बदलतो, हीच रेस कंडिशन. त्यासाठी ‘ही स्क्रिप्ट दहा हजार वेळा फिरवा, एकदा तरी आपटेल’ अशी टेस्ट लिहिली तर ती कुणाच्याच कामाची नाही. एका मशीनवर ती आपटेल, दुसऱ्यावर नाही. पॅच लावल्यावर बग खरंच गेला की नुसता रुसून बसला, हेही कळत नाही. तेव्हा आधी क्रम पकडा.

बिल्ड करताना ‘एनेबल-डीबग’ (डीबगरला लागणारी माहिती) आणि ‘एनेबल-कॅसर्ट’ (असर्ट, म्हणजे कोडमधल्या ‘हे खरं असायलाच हवं’ अशा तपासण्या) दोन्ही चालू ठेवा, कंपायलरचं ऑप्टिमायझेशन शून्यावर आणा. असर्टमुळे सर्व्हर हळू होतो, म्हणून या बिल्डवर वेग मोजू नका. पण बऱ्याचदा गडबड जिथे झाली तिथेच सर्व्हर पडतो, चार फंक्शन पुढे भलतीकडे नाही. क्रॅश नसून नुसती एरर येत असेल तर ‘एररफिनिश’ या फंक्शनवर ब्रेकपॉइंट (डीबगरने थांबायची जागा) लावा. एरर तिथूनच जाते, त्यामुळे स्टॅक (कुठल्या फंक्शनमधून कुठे आलो ती साखळी) आयता मिळतो.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस असते, ते इथे फार उपयोगी पडतं. पहिल्या सेशनमध्ये ‘पीजी_बॅकएंड_पीआयडी’ चालवून आकडा घ्या, त्या प्रोसेसला जीडीबी हा डीबगर जोडा, संशयित ओळीवर ब्रेकपॉइंट ठेवा आणि क्वेरी सोडा. ती प्रोसेस तिथेच थिजते, बाकीचा सर्व्हर चालूच राहतो. आता दुसऱ्या सेशनमधून अपडेट करा, कमिट करा, हवं तर व्हॅक्यूम (जुन्या, मेलेल्या ओळींची सफाई) चालवा. मग पहिलीला पुढे जाऊ द्या. यात दोन गोष्टी छळतात. ‘सिगयूझर१’ सिग्नल सारखा येऊन जीडीबीला थांबवतो; तो न थांबता प्रोसेसकडे पाठवायला सांगून ठेवा. आणि ब्रेकपॉइंट स्पिनलॉक (क्षणभरच धरायचं अंतर्गत कुलूप) धरलेल्या जागी पडला, तर तोच लॉक मागणारी दुसरी प्रोसेस काही वेळ वाट पाहून पॅनिक करते आणि अख्खा सर्व्हर झोपतो. एखाददोन ओळी अलीकडे किंवा पलीकडे थांबा.

क्रम हाती लागला की तो आयसोलेशन टेस्टमध्ये (अनेक सेशन ठरलेल्या क्रमाने चालवणाऱ्या पोस्टग्रेसच्या टेस्टमध्ये) उतरवा. स्पेक फाइलमध्ये सेशन, त्यांच्या स्टेप आणि परम्युटेशन (स्टेपचा क्रम) लिहायचं असतं: पहिलं सेशन अपडेट करतं, दुसरं त्याच ओळीवर अपडेट मागतं, पहिलं कमिट करतं. दुसरं लॉकवर अडकलंय हे टेस्टर स्वतः ओळखतो आणि आउटपुटमध्ये ‘वेटिंग’ लिहितो. मधे ‘स्लीप’ घालायचा मोह टाळा; हळू मशीनवर तीच टेस्ट उगाच लाल, म्हणजे नापास, होते. लॉकवर नाही, कोडच्या मधेच थांबायचं असेल तर आवृत्ती १७ पासून इंजेक्शन पॉइंट (टेस्टमधून थांबवता येतील अशा कोडमधल्या खुणा) आहेत. टेस्ट तयार झाली की आधी पॅचशिवाय चालवा. ती लाल झाली नाही, तर ती भलतंच काहीतरी तपासतेय.

अशी पक्की टेस्ट असेल तर ‘गिट बायसेक्ट’ (कमिटची यादी दर वेळी अर्धी करत बग आणणारा कमिट शोधणारी कमांड) स्क्रिप्टवर सोडता येतं. हजार कमिट साधारण दहा फेऱ्यांत संपतात. स्क्रिप्टने चांगल्याला ० आणि वाईटाला १ परत करावं, बिल्डच न झालेल्या कमिटला १२५. ते विसरलं तर बिल्ड मोडलेला निरपराध कमिट गुन्हेगार ठरतो. प्रत्येक फेरीला ‘इनिटडीबी’ नव्याने करा, म्हणजे डेटा फोल्डर कोरा बनवा, कारण मधे कॅटलॉगची (टेबलं, कॉलम वगैरेंची नोंद ठेवणाऱ्या अंतर्गत टेबलांची) आवृत्ती बदलली असेल तर जुन्या डेटा फोल्डरवर सर्व्हर उठतच नाही.

दोषी कमिट सापडला की नवा कोड लिहावाच असं नाही. आवृत्ती १४ मध्ये ‘कनकरंटली’ (टेबलवरचं लिखाण न थांबवता) इंडेक्स बांधण्यासाठी एक ऑप्टिमायझेशन आलं: अशा बांधणीमुळे व्हॅक्यूमची सफाई अडू नये. पण त्यामुळे बांधणी चालू असताना अपडेट झालेल्या काही ओळी इंडेक्समधून सुटायच्या. सीक्वेन्शिअल स्कॅनला (अख्खं टेबल वाचताना) ओळ दिसते, इंडेक्स स्कॅनला दिसत नाही, आणि एरर कुठेच नाही. याहून वाईट बग शोधून सापडणार नाही. जून २०२२ मध्ये १४.४ आली, तिच्यात ते ऑप्टिमायझेशन सरळ मागे घेतलं. योग्यच केलं. मात्र पॅचने आधीच बिघडलेले इंडेक्स सुधारत नाहीत, ते पुन्हा बांधावे लागतात. बी-ट्री (नेहमीच्या प्रकारचे) इंडेक्स ‘पीजी_अ‍ॅमचेक’ या टूलने ‘हीपऑलइंडेक्स्ड’ (टेबलमधली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे ना) पर्याय देऊन तपासता येतात. तुमच्या पॅचमुळे असं काही उरत असेल तर कमिट मेसेजमध्ये ठळक लिहा.

आधीच रिलीज झालेल्या आवृत्त्यांच्या जुन्या ब्रँचमध्ये पॅच नेताना कॅटलॉगला हात लावता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. स्ट्रक्टचा (सी भाषेतल्या फील्डच्या गठ्ठ्याचा) आकार मात्र नजरेतून सुटतो. १४ नोव्हेंबर २०२४ च्या १७.१ मध्ये ‘रिझल्टरेलइन्फो’ स्ट्रक्ट मोठं झालं, आधी कंपाइल केलेल्या टाइमस्केलडीबीसारख्या एक्स्टेन्शनना ते नडलं, आणि आठवड्याने १७.२ काढून जुना आकार परत आणावा लागला. फील्ड शेवटी जोडलं तरी आकार वाढायचा तो वाढतोच. म्हणून आधी स्ट्रक्टमधली पॅडिंगची (फील्ड नीट रांगेत बसावीत म्हणून कंपायलरने सोडलेली) मोकळी जागा शोधा. ‘पाहोल’ हे टूल ती कुठल्या फील्डनंतर आणि किती बाइटची, ते दाखवतं.