काझा ते ग्रांफू: निघण्याआधी स्टेपनी खाली उतरवून बघा

"बातल ते ग्रांफू थोडं खराब आहे, पण मोठ्या एसयूव्हीला काही होत नाही." हे वाक्य ज्यांना कुणी ऐकवलंय, त्यांच्यासाठी हा वृत्तांत. हिमाचलच्या स्पितीतल्या काझाहून मनालीकडे येताना आम्हालाही हेच ऐकवलं होतं. जेमतेम पन्नास किलोमीटरला सात तास लागले. रस्ता असा तिथे नाहीच. चंद्रा नदीच्या काठाने दगडगोटे पसरलेत आणि त्यातून पुढच्या गाडीच्या चाकांचा माग काढत जायचं. अधूनमधून रुंदीकरणाचं काम दिसतं, म्हणजे दगड तेच, वर ताजी धूळ.

पुण्याहून शिमला-किन्नौरमार्गे काझापर्यंत काहीच बिघडलं नाही, त्यामुळे त्यावर लिहीत बसत नाही. ताबो, की मठ, किब्बर बघून घ्या, छान आहे. जाताना किन्नौरकडूनच जा. उंची हळूहळू वाढते, डोकं सहसा दुखत नाही.

आता गाडीचं. निघण्याआधी सर्व्हिसिंगला दिली होती. बिल एकोणतीस हजार. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर रास्तच. पण त्यात एसी क्लीनिंग, इंजिन ड्रेसिंग, हेडलाइट पॉलिश आणि अंडरबॉडी कोटिंगही (गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला मारतात तो थर) होतं. "सर, एवढ्या लांब चाललाय, कोटिंग करूनच घ्या." त्या कोटिंगने आम्हाला वाटेतल्या 'छोटा दरा' या ठिकाणाच्या अलीकडे दोन तास उन्हात बसवलं.

झालं असं की एका धारदार दगडाने मागच्या डाव्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, फाटली. ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, खिळा घुसला तर पंक्चर किट कामाला येतं, साइडवॉलला नाही. स्टेपनी काढावीच लागते. आमच्यासारख्या गाड्यांची स्टेपनी पोटाखाली साखळीला टांगलेली असते. मागच्या बंपरमधल्या भोकातून लांब दांडा घालून फिरवला की साखळी सुटत जाते आणि चाक खाली येतं. दांडा फिरेना. खाली झोपून टॉर्च मारला, तर साखळी, तिचा ड्रम आणि रिमच्या मधली पट्टी, सगळं काळ्या डांबरासारख्या थराखाली गाडलेलं. स्टेपनी न उतरवताच फवारा मारला होता!

मोबाइलला रेंज नाही. मागून टेम्पो ट्रॅव्हलर आली, तिचा ड्रायव्हर लाहौलचाच. त्याने एकदा वाकून बघितलं, "ये तो चिपका दिया है साबजी" एवढंच म्हणाला आणि कामाला लागला. पेपर कटरने साखळीभोवतीचा थर खरवडला, ड्रमवर डिझेल ओतलं, हातोडीने चहूबाजूंनी ठोकलं. बऱ्याच वेळाने दांड्याला कट्ट आवाज आला आणि चाक इंच-इंच उतरलं. पैसे घेईना. शेवटी मुलांसाठी म्हणून चिक्कीची पाकिटं बळेच दिली. परत आल्यावर सर्व्हिसिंगवाल्यांना फोन केला, तर उत्तर काय? "सर, कोटिंगला पाच वर्षांची वॉरंटी आहे."

तेव्हा घरच्या पार्किंगमध्ये स्टेपनी पूर्ण खाली उतरवा, हवा भरा, साखळीला ग्रीस लावा, परत चढवा. चाकाचे नटही स्वतःच्या पान्याने एकदा सैल करून बघा. टायरवाले हवेच्या गनने इतके आवळतात की गाडीतल्या आखूड पान्याला दाद देत नाहीत. दोन फुटांचा लोखंडी पाइप सोबत ठेवा. जॅकखाली घालायला जाड फळीही हवी. तिथल्या भुसभुशीत मातीत दोन टनांच्या वर वजनाच्या गाडीखाली जॅक सरळ आत जातो.

दोन तास गेले त्याचा खरा फटका पुढे बसला. उन्हाने बर्फ वितळतं आणि दुपारनंतर वाट ओलांडणारे नाले चढतात. सकाळी जिथे घोटाभर पाणी असतं, तिथे तीन वाजता खालचे दगड दिसत नाहीत. फोर लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी), पहिला गिअर, मध्ये थांबायचं नाही, क्लचवर पाय नाही. निघालो, पण बायको पुढचा तासभर काही बोलली नाही. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं चालवा, ओले पॅड लगेच धरत नाहीत. काझाहून साडेचारला निघा. लोसरपर्यंत रस्ता बरा आहे, कुंझुम खिंड उतरून नऊच्या सुमारास बातल गाठता येतं. कुंझुमच्या उतारावर गिअरमध्येच उतरा. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर ते आधी बदला, पॉलिश राहू दे. टाकी काझालाच फुल करा.

ग्रांफूनंतर डांबर लागलं आणि डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागला. दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगल्यावर बीएस-६ डिझेल गाडीत हे व्हायचंच. फिल्टरमध्ये काजळी साठते. ती जाळायला एग्झॉस्ट तापावा लागतो आणि रांगताना तो तापत नाही. मनालीतल्या एका गॅरेजवाल्याने बोनेटही न उघडता "केमिकल क्लीनिंग, चौदा हजार, नाहीतर नवा फिल्टर, लाखाच्या वर" असं ठणकावलं. शुद्ध लूट. दिवा नुसता पेटलेला असेल, गाडी नीट ओढत असेल, तर मॅन्युअल उघडा. आम्ही दुसऱ्या सकाळी कुल्लूच्या पुढे चौपदरी रस्त्यावर एक गिअर खालचा ठेवून, आरपीएम दोन हजारांच्या वर धरून वीसेक मिनिटं न थांबता चालवली. दिवा गेला. खर्च शून्य. मात्र दिवा लुकलुकत असेल किंवा गाडीची ताकदच गेली असेल तर हा प्रयोग करू नका. तेव्हा स्कॅनर लावूनच रीजनरेशन, म्हणजे काजळी जाळण्याचं काम, करावं लागतं.

त्यानंतर डिपस्टिक जरूर बघा. काजळी जाळण्याचा प्रयत्न वारंवार अर्धवट राहिला की जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर किलोमीटर न मोजता ऑइल बदला. एअर फिल्टर मंडीला काढून झटकला, तर मूठभर पीठ निघालं. नवा सोबत न्या, बदलायला पाच मिनिटं लागतात. ज्यांच्या गाडीत अ‍ॅडब्लू (एग्झॉस्टमधला धूर स्वच्छ करायला वापरतात ते युरियाचं द्रावण) आहे त्यांनी ते मैदानातच भरून घ्यावं. ते संपल्यावर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. थंडीत जाणार असाल तर ते उणे अकराला गोठतं.

या वाटेवरून जाता येणारं चंद्रताल सरोवर सुंदर आहे. पण तेवढ्यासाठी हा पट्टा कराच, असं मी तरी कुणाला सांगणार नाही. सोबत लहान मुलं किंवा आई-वडील असतील तर आल्या वाटेने किन्नौरमार्गेच परत फिरा.