नॅन्कॅरोचा पियानो

आज कपाट आवरताना कॉन्लन नॅन्कॅरो लावला आणि आवराआवर तिथेच थांबली. हा संगीतकार बाबा मूळचा अमेरिकेचा, जन्म १९१२. स्पेनच्या यादवीत फ्रँकोविरुद्ध लढला. परतल्यावर कम्युनिस्ट म्हणून पासपोर्टची अडवणूक झाली, तर १९४० मध्ये सरळ मेक्सिको सिटी गाठली. त्याच्या अवघड लयी वाजवणारे हात मिळेनात. मग आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळीवर एकेक भोक स्वतः पाडत बसला. काही मिनिटांच्या संगीतासाठी महिनोन्‌महिने! या पियानोसाठीच्या रचनांना तो 'स्टडी' म्हणे; एकविसाव्या 'स्टडी'त सुरांची एक ओळ संथ सुरू होऊन सुसाट सुटते, दुसरी सुसाटाची संथ होते, मध्येच क्षणभर दोघींचा वेग जुळतो. तेवढाच तुकडा परत परत ऐकला. मोठं कौतुक मात्र सत्तरीत, १९८२ ची मॅकआर्थर फेलोशिप, अमेरिकेतली मानाची. आमच्या आईचं मत: "पियानो बिघडलाय, बंद कर."