आई म्हणे

बसच्या कपाळावर ‘जेलरोड’ अशी पाटी दिसली, तर नाशिककराच्या मनात तुरुंग येत नाही. मनात येतात फ्लॅटचे दर, भाजीबाजार, क्लासला निघालेली पोरं. ‘आम्ही जेलरोडला राहतो’ हे वाक्य इथे इतकं घरगुती आहे की दचकतो तो बाहेरगावचा पाहुणाच. पण दुपारी, तापलेल्या थांब्यावर, बस सुटायची चिन्हं नसताना आणि हातात वाचायला काही नसताना तीच पाटी दुसऱ्यांदा वाचली जाते आणि एकदम आठवतं, अरे, ‘श्यामची आई’ इथलीच की! साने गुरुजींनी ती लिहिली नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, चारपाच दिवसांच्या झपाट्यात.

आणि त्याच्या पाठोपाठ डोळ्यांसमोर येतो वनमालाबाईंचा चेहरा.

दुखणं आहे ते इथे. पुस्तक कितीही वेळा वाचलेलं असो, त्यातल्या बेचाळीस रात्रींची, म्हणजे प्रकरणांची, नावं ओळीने म्हणून दाखवता येत असोत, चेहरा येतो तो आचार्य अत्र्यांच्या सिनेमातला. पुस्तकातल्या आईचे नाकडोळे सांगा म्हटलं तर कट्टर वाचकालाही चटकन सांगता येणार नाहीत. तिचे हात सांगता येतील, पदर सांगता येईल, हिवतापाने आलेला थकवा सांगता येईल. चेहऱ्याची जागा गुरुजींनी जणू मोकळी सोडली होती आणि प्रत्येक घरात तिथे आपापली आई किंवा आजी बसायची. १९५३ साली त्या जागेवर एकाच बाई येऊन बसल्या त्या बसल्याच. त्यासुद्धा कोण, तर १९४१च्या ‘सिकंदर’ची नायिका! कागदावर ही निवड वाचून कुणीही नाक मुरडलं असतं. सिनेमाला १९५४ साली पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. नाक मुरडायची सोयच उरली नाही. गुरुजी मात्र १९५०च्या जूनमध्येच गेले होते. त्यांच्या मनातला चेहरा पडद्यावरच्या चेहऱ्याशी जुळला असता का, हे विचारायला माणूसच नव्हता.

तशी नाशिकला या प्रकाराची सवय जुनी. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, आणि पहिला सिनेमा मुंबईत करून लगेच बिऱ्हाड हलवलं ते नाशिकला. त्यांच्या १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोघंही अण्णा साळुंके. एकच माणूस! पंचवटीत सीतागुंफा आहे, तिथल्या अरुंद पायऱ्या वाकून उतरणाऱ्यांच्या मनात शेकडो वर्षांची सीता होती, आणि पडद्यावर आली ती कमावलेल्या दंडांची. लोकांनी हात जोडले. राम दिसल्यावर पायातल्या वहाणा काढत, असंही सांगतात. श्रद्धा असली की भूमिकावाटप चालून जातं. वाचकाची श्रद्धा जरा चिकट जातीची असते, एवढंच.

पण चेहऱ्याची तक्रार वरवरची. खरी अडचण व्याकरणाची आहे. मराठीत एक फार सुंदर काळ आहे, रीती भूतकाळ. आई म्हणे. ती पहाटे उठे, सडा घाली, तुळशीला पाणी घाली. शाळेत ‘ई-आख्यात’ म्हणून दोन मार्कांना घोकलेला हाच तो. एका ‘म्हणे’त दहा वर्षं मावतात. आठवणींचं पुस्तक या काळावरच उभं असतं, कारण आई आठवते ती एखाद्या मंगळवारची नव्हे, रोजची.

सिनेमाकडे हा काळच नाही. कॅमेरा ‘म्हणे’ टिपू शकत नाही, फक्त ‘म्हणाली’ टिपतो. अमुक दिवशी, अमुक उजेडात, अमुक लुगड्यात. ‘रोज’ दाखवायचं तर दिग्दर्शकाच्या हातात दोनतीनच युक्त्या. पहिली म्हणजे चार छोटे तुकडे जोडायचे, वर गाणं टाकायचं, मध्ये झाडाची पानं गाळायची. यात लुगड्याचा घोळ होतो. चारही तुकड्यांत तेच लुगडं ठेवलं तर बघणाऱ्याला तो एकच दिवस वाटतो. दर तुकड्याला वेगळं दिलं तर कर्जात बुडालेल्या घरातल्या बाईकडे इतकी लुगडी आली कुठून, हा प्रश्न. दुसरी युक्ती निवेदकाच्या आवाजाची. तो आवाज म्हणजे कान धरून पुस्तक वाचून दाखवणंच, आणि ते जास्त झालं की चित्र नुसतं सोबतीला उरतं. तिसरी युक्ती सर्वांत अवघड: एकच दिवस इतका नेमका घ्यायचा की बघणाऱ्याने मनात आपोआप ‘रोज असंच होत असणार’ म्हणावं. असे दिवस एका सिनेमात दोनतीन साधले तरी पुष्कळ.

उदाहरणच घ्यायचं तर अठरावी रात्र, अळणी भाजी. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता जेवतात, मुलंही जेवतात, आणि शेवटी स्वतःच्या पानावर बसल्यावर तिला कळतं. कागदावर किती सोपं! पण ‘मीठ नाही’ हे पडद्यावर कसं दाखवणार? पदार्थाचा रंग बदलत नाही, वाफ बदलत नाही. आधी मिठाच्या भांड्याचा जवळून शॉट घेतला, तर सगळ्या थिएटरला आईच्या आधी कळतं. मग वडिलांच्या पहिल्या घासात ताण येतो, पण शेवटी आईला बसणारा धक्का आपल्याला बसत नाही. शॉट नाही घेतला तर धक्का शाबूत राहतो, पण वडिलांचं ते गप्प जेवणं नुसतं जेवण होऊन जातं, कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन्ही हवं असेल तर वडिलांनी पहिल्या घासाला क्षणभर थांबायचं, आणि त्या क्षणभरात ना जास्त ना कमी. ‘चवीपुरतं’ हा शब्द नटांनाही लागू आहे.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा धंद्यातला हिशोब. अडीच तास म्हणजे दीडशे पानं, तीही संवादांनी विरळ झालेली. बेचाळीस रात्री त्या दीडशेत समान वाटायच्या म्हटल्या तर रात्रीला साडेतीन पानं येतात. तेव्हा कापाकापी ठरलेलीच. कापण्याचं दुःख वाचक कसंबसं गिळतो. गिळवत नाही ती भर. आणि मौज बघा, ‘छडी लागे छम छम’ हे गाणं गुरुजींच्या पुस्तकात नाहीच. ते अत्र्यांचं. पण पुस्तक न उघडलेल्या माणसालाही ‘श्यामची आई’ म्हटलं की आधी तेच आठवतं. ‘भरजरी गं पितांबर’ हे कृष्ण-द्रौपदीच्या बहीणभावाच्या मायेचं गाणंही तसंच, अत्र्यांचे शब्द आणि वसंत देसाईंची चाल. हे गाणं सुरू झालं की कट्टर वाचकाचीही तक्रार घशातच अडकते. पुस्तकात भावाबहिणींच्या मायेची शिकवण आहे, ती वेगळ्या प्रसंगातून, धाकट्या भावाला शिवून नेलेल्या कोटाच्या. कोट चांगला की पितांबर, हा वाद मिटणारा नाही. मिटवूही नये.

कित्येकांना हा सिनेमा आधी भेटला तो शाळेच्या हॉलमध्ये. खिडक्यांना सतरंज्या आणि काळे कागद, भिंतीवर चादर, मागे टेबलावर १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर. १६०० फुटांचं मोठं रीळ पाऊण तासाच्या आतच संपायचं, की दिवे लागायचे, आणि रडून लाल झालेले डोळे एकमेकांना दिसू नयेत म्हणून पोरं चपलेचे बंद बांधायला वाकायची. मशीनमध्ये फिल्मचा एक सैल फास सोडावा लागतो. तो सुटला की चित्र थरथरायला लागतं आणि ओठ व आवाज यांची फारकत होते. आई ओरडते, पण ओठ हलतात नंतर. पोरं हसायची. मघाशी रडलेलीच पोरं. मग सर उठून फास पुन्हा घालायचे, आणि विहिरीत उतरायला घाबरून लपलेला श्याम पुन्हा शिंपटीचा मार खायला तयार.

पुस्तकावरचा सिनेमा बघायला जाताना दोन पथ्यं पाळावीत. आदल्या आठवड्यात पुस्तक वाचू नये. ताजं वाचलेलं असलं की माणूस सिनेमा बघत नाही, हजेरी घेतो: मथुरी आली का, मोरी गाय आली का, दूर्वांची आजी कुठंय. मध्ये सहा महिने गेलेले असले तर जे मनात टिकलं तेवढंच शोधलं जातं. दुसरं पथ्य, मुखपृष्ठावर सिनेमातला फोटो असलेली आवृत्ती विकत घेऊ नये. कुणी भेट दिलीच तर वर्तमानपत्राचं कव्हर घालावं. शाळेत वह्यांना घालत होतो तसं, कोपरे आत दुमडून.

२०२३ मध्ये सुजय डहाक्यांनी पुन्हा एकदा ही आई पडद्यावर आणली, तीही रंग असताना कृष्णधवल. त्यात ओम भूतकर मोठेपणीचे साने गुरुजी आहेत. म्हणजे पडद्यावर सांगणारा माणूसही आला. पुस्तकात आश्रमातल्या प्रार्थनेनंतर मित्रांना गोष्ट सांगणारा श्याम आहे, आणि तो होता म्हणूनच ‘आई म्हणे’ शक्य होतं. या बाजूने बघितलं तर नवं रूप व्याकरणाच्या जास्त जवळ जातं. मनात चेहरा मात्र अजून जुनाच येतो. त्याला इलाज नाही.

एक गोष्ट मात्र कुठलाही कॅमेरा आला तरी सुटत नाही. आईच्या शेवटच्या आजारात श्याम तिच्याजवळ नव्हता. तो शिकायला दूर होता, पोचला तेव्हा सगळं झालेलं होतं, आणि त्याच्या वाट्याला आली ती भस्माची मूर्ती. पुस्तकातल्या शेवटच्या रात्री तो सांगतो त्या इतरांकडून ऐकलेल्या. कॅमेरा मात्र थेट अंथरुणाशी जाऊन बसतो आणि आपल्यालाही नेऊन बसवतो, तिचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ. तिकीट काढून आलेले आपण सगळे तिथे असतो. तो एकटा नसतो.

ड्रायव्हर चढला. बस सुटली.