एक्सेल बदलण्याआधी हिशेबपट्टीची फाइल उघडून बघा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या अनेक पेढ्यांवर अजून एक्सेल २००७ किंवा २०१० वर पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचे मालविक्रीचे हिशेब) निघतात. "नवीन घ्यावं का?" असं कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते: त्या मशीनला इंटरनेट आहे का, आणि तुमच्या फाइली आणखी कोण उघडतं?

एक्सेल २०१० चा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२० ला संपला, २०१३ चा ११ एप्रिल २०२३ ला, २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा १४ ऑक्टोबर २०२५ ला. सपोर्ट संपला म्हणून एक्सेल बंद पडत नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. ज्या मशीनवर नुसत्या पट्ट्या निघतात, नेट नाही, बाहेरचा पेन ड्राइव्ह लागत नाही, तिथं जुनंच राहू द्या. पण दिवाणजी त्याच मशीनवर व्यापाऱ्यांच्या मेलमधल्या फाइली उघडत असतील आणि तिथूनच आरटीजीएस करत असतील, तर चालढकल नको.

दुसरं कारण फॉर्म्युल्यांचं. तुमच्या सीएंकडे एक्सेल २०२१ किंवा त्यापुढचं असेल आणि त्यांनी फाइलमध्ये एक्सलुकअप किंवा फिल्टर ही जुन्या एक्सेलमध्ये नसलेली फंक्शनं वापरली असतील, तर ती फाइल २०१६ किंवा २०१९ मध्ये उघडते, आकडेही दिसतात. फसवणूक इथंच होते. ते आकडे सेव्ह करतानाचे असतात. त्या सेलमध्ये जाऊन एंटर मारलं की "नेम"ची एरर येते. दोघांपैकी एकाकडे जुनं असेल तोवर एक्सलुकअपऐवजी दोन्हीकडे चालणारं इंडेक्स-मॅच वापरायचं ठरवून घ्या, काम अडत नाही. व्हीलुकअप वापरत असाल तर शेवटी फॉल्स लिहायला विसरू नका. ते राहिलं की एक्सेल जवळपासचा कोड पकडतं आणि एका शेतकऱ्याचा दर दुसऱ्याच्या पट्टीत जातो.

जीएसटीच्या टू-बी (पोर्टलवर दिसणारी तुमच्या खरेदी बिलांची यादी) आणि खरेदी रजिस्टर जुळवणीसाठी बदलायचं म्हणत असाल, तर २०१६ वाल्यांना घाई नाही. दोन याद्या जोडून जुळवणारी पॉवर क्वेरी त्यात आहेच, डेटा टॅबवर. २००७ वाल्यांना मात्र ते मिळणारच नाही.

आता चाचणी. नवं एक्सेल पेढीच्या मशीनवर थेट टाकू नका, दुसऱ्या मशीनवर टाका आणि हिशेबपट्टीच्या फाइलची कॉपी तिथं उघडा.

पहिली गडबड दिसेल ती फॉन्टची. शेतकऱ्यांची नावं शिवाजी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली असतील आणि नव्या मशीनवर तो फॉन्ट नसेल, तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कालवा दिसतो. डेटा गेलेला नसतो. जुन्या मशीनच्या सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ती फॉन्ट फाइल आणून इन्स्टॉल करा, नावं परत येतात. फाइलच्या नॉर्मल स्टाइललाच तो फॉन्ट लावला असेल तर कॉलमची रुंदीही त्याच्या अंकावरून ठरते, म्हणून फॉन्ट नसताना छापील कागदावर वजन एका चौकटीत आणि दर भलत्याच चौकटीत पडतो. डॉट मॅट्रिक्सवर छापील पट्टी काढणाऱ्यांनी पहिली प्रिंट कोऱ्या कागदावर काढून छापील पट्टीवर ठेवून उजेडात धरावी.

दुसरी गोष्ट "अक्षरी रुपये". लाख-कोटीत रक्कम अक्षरी लिहिणारं फंक्शन एक्सेलमध्ये नाही, ते कुणीतरी मॅक्रोत, म्हणजे फाइलमधल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, लिहून दिलेलं असतं. जुनी डॉट एक्सएलएस फाइल घाईघाईनं डॉट एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह केली की मॅक्रो गळतो आणि अक्षरी रकमेच्या जागी "नेम"ची एरर येते. सेव्ह करताना डॉट एक्सएलएसएम निवडा. मूळ फाइलही जपून ठेवा. फाइल मेलवरून आणली असेल तर नवं एक्सेल मॅक्रो अडवतं. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकला टिक करावी लागते. मॅक्रो लिहून देणारा माणूस आता सापडत नसेल, तर एक्सेल ३२ बिटचंच टाका. जुन्या मॅक्रोत विंडोजचे डिक्लेअर (विंडोजची फंक्शनं बोलावणाऱ्या ओळी) असतील तर ते ६४ बिटमध्ये पीटीआरसेफ शब्द घातल्याशिवाय चालत नाहीत, आणि २०१९ पासून इन्स्टॉलर आपणहून ६४ बिटच निवडतो.

डॉट एक्सएलएसमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, नव्या प्रकारात १०,४८,५७६. पण प्रकार बदलला की फाइलचं नावही बदलतं, आणि दुसऱ्या फाइलींतल्या लिंक मात्र जुन्याच नावाकडे बघत राहतात. दरपत्रकाची फाइल बदलली आणि पट्टी जुन्या फाइलमधूनच दर उचलत राहिली, असं होतं. डेटा टॅबवर एडिट लिंक्समध्ये (काही नव्या आवृत्त्यांत वर्कबुक लिंक्स) जाऊन प्रत्येक सोर्स तपासा.

सगळ्यात महागात पडते ती तारीख. नव्या मशीनवर विंडोजचा रीजन अमेरिकेचा राहिला असेल आणि तुम्ही बँकेची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) उघडली, तर ०५-०४-२०२५ म्हणजे ५ एप्रिल हा ४ मे होतो. १८-०४-२०२५ ला अठरावा महिना नसल्यानं ती तारीख मजकूर म्हणून तशीच पडून राहते. म्हणजे एकाच कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे चिकटलेल्या. असं दिसलं की सेव्ह न करता बंद करा, कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन इंग्लिश (इंडिया) करा आणि मूळ सीएसव्ही परत उघडा.

सीएसव्हीतच हळदीचा एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड) ०९१० चा ९१० होतो. १२ आकडी ई-वे बिल नंबर ई अक्षर घुसलेला, तोकडा दिसतो, तिथं सेलचा फॉरमॅट नंबर केला की पूर्ण आकडा परत येतो. पण १६ आकडी बँक खात्याचा शेवटचा आकडा खरोखरच शून्य होतो, कारण एक्सेल १५ अंकांपलीकडे साठवत नाही. म्हणून खाते क्रमांकाचा कॉलम टेक्स्ट म्हणूनच इम्पोर्ट करायचा.

कुठलं घ्यावं? २०२१ आता घेऊ नका, त्याचा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. एक-दोन मशीनच्या पेढीला माझ्या मते एकरकमी २०२४ बरं, त्याला ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी थांबली की फाइल बघता आणि छापता येते, बदलता येत नाही, आणि ऐन हंगामात ते परवडणारं नाही. लॅपटॉपसोबत आलेलं होम अँड स्टुडंट २०२१ व्यापारी कामासाठी नाही, हे लायसन्समध्येच लिहिलेलं असतं. मॅक्रो नसतील तर लिब्रेऑफिस फुकट आहे आणि २४.८ पासून त्यात एक्सलुकअपही आहे, ते जरूर बघा. आणि मशीन विंडोज १० चं असेल तर त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला आहे, नुसत्या एक्सेलवर पैसे घालून अर्धंच काम होईल.

हळदीची आवक चालू असताना किंवा मार्चअखेर हात लावू नका. महिन्याच्या ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला थ्री-बी भरत असाल, तर २१ नंतरचे आठ-नऊ दिवस मोकळे मिळतात. त्यात एका दिवसाच्या सगळ्या पट्ट्या दोन्ही मशीनवर काढा आणि वजन, रक्कम, हमाली, तोलाई अशा चार बेरजा समोरासमोर मांडा. चारही पैशापर्यंत जुळल्या की जुन्या मशीनवरच्या फाइली रीड ओन्ली करून टाका, म्हणजे चुकून तिथं नवी पट्टी निघणार नाही.