भाटघरच्या काठावर सुटलेला खडस

दिवाळीच्या फराळाचा डबा संपायच्या आत काका आणि मी भाटघरला जाऊन आलो. पुण्याहून सातारा रस्त्याने कापूरहोळ, तिथून उजवीकडे भोरचा फाटा. पहाटे साडेचारला निघालात तर उजाडता उजाडता गळ पाण्यात पडतो. सकाळचे पहिले दोन तासच खरे, ऊन चढलं की मासा खोलात जातो.

येळवंडी नदीवरचं हे धरण 1928 सालचं. भिंतीच्या आसपास जाऊच नका. आम्ही बरंच वर, ओढा येऊन मिळतो तिथे बसलो. जलाशयात मच्छीमारांची जाळी असतात, म्हणून आधी गावात चौकशी करा आणि मच्छीमार संस्थेच्या माणसाची परवानगी घ्या. थर्मोकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले की खाली जाळं आहे असं समजा आणि गळ दुसरीकडे टाका. त्या जाळ्यावर कुणाचं तरी घर चालतं.

आमिषाला कणीक, भाजलेलं बेसन आणि शेंगदाण्याची पेंड मळून नेली होती. काकांचा तरंगा, म्हणजे मासा लागल्याची खूण देणारी पाण्यावरची काडी, अजून मोरपिसाच्या देठाचा असतो. सात वाजता तो बुडायच्या ऐवजी हळूच वर उठला आणि पाण्यावर आडवा पडला. मृगळ तळाशी चरतो. त्याने आमिष उचललं की शिशाचा भार सुटतो आणि तरंगा असा लोळतो. नवखा माणूस बुडायची वाट बघत बसतो. काकांनी तिथेच झटका दिला. किलोभराचा मृगळ, दुपारच्या कालवणाची सोय झाली.

माझ्या गळाला गांडूळ होतं. पहिला मासा लागला आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, तुटलं, कारण रिळाचा ड्रॅग (दोरा किती सहज सुटेल ते ठरवणारा ब्रेक) मी फार आवळून ठेवला होता. जरा सैल ठेवा, हाताने ओढून बघा. दुसऱ्यांदा रीळ किरकिरत सुटलं तेव्हा शेजारचे मामा ओरडले, "दादा, ओढू नका, पळू द्या त्याला!" तीन वेळा तो खडकाकडे धावला. काठाला आला तेव्हा दिसला: खडस, म्हणजे महसीर! अंगठ्याएवढे मोठे खवले, कडेला सोनेरी झाक, ओठाशी मिशा.

पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या याच माशाचं शास्त्रीय वर्णन ब्रिटिश लष्करी अधिकारी साइक्स यांनी 1839 साली केलं आणि नाव ठेवलं खुद्री. आपल्या नद्यांचा मासा आहे हा. धरणं, वाळूउपसा आणि सुरुंग लावून मासे मारणं यांनी त्याला पार मागे ढकललंय. तो डब्यात घालायला माझा हात झाला नसता.

खडस लागला तर हात आधी पाण्यात भिजवा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा घरूनच पकडीने चेपून न्या, म्हणजे ओठ फाटत नाही. मासा पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नका. फोटो पाण्यातच काढा.

मी त्याला दोन्ही तळव्यांवर धरून ओढ्याच्या तोंडाशी बसलो. कल्ले उघडत होते, मिटत होते. मिनिटभराने शेपटीचा एक सणसणीत फटका बसला, मनगट गार पडलं आणि तळवे रिकामे झाले. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले आणि तुटलेलं तंगूस गोळा करून खिशात घालू लागले. तेवढं तुम्हीही कराच. बगळ्यांचे पाय त्यात अडकतात.